कुठे उसवू?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

प्रामाणिक बापांच्या मुलांनो,

आपली सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आपण कधी एकत्र बसून मांडलेली नाही. सचोटीचं नाव बापाचं झालं, चटके आपल्याला बसले. बाप खरं बोलून मोकळा झाला आणि त्या खऱ्याची भरपाई घरातली माणसं करत राहिली. आजही लोक रस्त्यात थांबवून सांगतात, "काय माणूस होता." आपण मान डोलावतो. दुसरं काय करणार?

आपा, हसू नकोस. समोर तू एकटी असलीस तरी मला सभा दिसते. लहानपणी तू मला भोंगा म्हणायचीस, तो भोंगा अजून तसाच आहे. कागदावर निदान तुझ्या चांगल्या कानाला त्रास होत नाही, म्हणून फोन न करता लिहितो आहे. शिवाय तू फोन उचलत नाहीस, हेही आहे.

इकडचं सगळं ठीक. मी आठवडाभर कॉलेजात शिकवतो आणि शुक्रवारी मशिदीत खुतबा देतो. लोक लांबून येतात. आज पुन्हा अब्बांची गोष्ट सांगितली. म्हटलं, गादी हा असा माल आहे की आत काय भरलं ते भरणाऱ्याला ठाऊक आणि अल्लाहला. घेणारा त्याच्यावर जन्म काढतो, पण आत बघत नाही. म्हणून माझे वडील प्रत्येक गादीचा एक कोपरा उघडा ठेवत. गिऱ्हाईक आत हात घालून कापूस बघायचं, मगच अब्बा त्याच्यासमोर टाके घालायचे. बंधूंनो, म्हटलं, आपलं ईमान कपाळावरच्या नमाजेच्या डागात शोधू नका. आपल्या मालाचा एक कोपरा उघडा आहे का, ते बघा.

शेवटी मागच्या रांगेतले लोक डोळे पुसत होते. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दुकान धाकट्याने फार वाढवलं आहे. अब्बांच्या वेळी पिंजायचं एकच यंत्र खोकत असायचं, आता दोन गरगरतात. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'उघडा कोपरा'. माझंच वाक्य. मी त्याला म्हटलं, "मला विचारायचं तरी." म्हणाला, "भाई, तू मिंबरावर उभा राहून फुकट वाटतोस, मी पाटीवर लिहिलं तर काय बिघडलं?"

आता मुद्द्याची गोष्ट. इथल्या लहान मुलांच्या दवाखान्यात दम्याच्या मुलांसाठी नवा वॉर्ड होतो आहे. सगळ्या गाद्या आपल्या दुकानातून जाणार. महिनाअखेरीच्या रविवारी सकाळी त्या वॉर्डात पसरायच्या, आणि त्याआधी मी दोन शब्द बोलायचे. अब्बांचं नाव भिंतीवर लागणार आहे.

तू येशील?

तू येणार नाहीस, ते कळतं. अब्बांच्या मातीलाही आली नाहीस. तुला बघायला आलेली ती पाहुणे मंडळी चहा पीत बसलेली, अब्बांनी कप खाली ठेवून, कोणी विचारलं नसताना, सरळ सांगून टाकलेलं की मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मंडळी उठून गेली आणि तू आतल्या खोलीतून म्हणालीस, "मी काय गादी आहे का, माझाही कोपरा उघडा ठेवायला?" त्यानंतर तू शिकलीस, इंजिनिअर झालीस, स्वतःच्या मनाने लग्न केलंस आणि आता मोठमोठे पूल तपासत फिरतेस. पण ते वाक्य आपल्या घरात तसंच उभं आहे. त्याला बसायला कोणी खुर्ची दिली नाही.

तुझा
भोंगा


गुरुवार, १३ नोव्हेंबर

आपा,

तुझं उत्तर आलं नाही, तरी दुसरं पत्र लिहितो. बोलणाऱ्या माणसाला गप्प राहणाऱ्याचा फार मोह असतो.

परवा नमाजनंतर तो बसचालक आला, आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहतो तो. पाठीला पट्टा बांधलेला. म्हणाला, "मौलाना, तुमचं ऐकून गादी घेतली."

"मग? झोप लागते का?"

"झोप लागते, उठता येत नाही. मधे गाठी झाल्यात. बायको म्हणते, तुम्ही बसमध्येच झोपत जा."

आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, नवी गादी आहे, अंग धरेल, उन्हात टाका. गाद्यांतलं मला काय कळतं? तू दुकानात अब्बांच्या शेजारी बसून दाभणाने टाके घालायचीस तेव्हा मी माळ्यावर पुस्तक घेऊन लपलेला असायचो.

तरी काल दुकानात गेलो. धाकटा बाहेर गेला होता. वॉर्डच्या गाद्या भिंतीला लावून ठेवलेल्या, कोरी पांढरी खोळ, प्रत्येकीचा कोपरा वीतभर उघडा. एकीत हात घातला. कापूस पांढरा, मऊ, लांब धाग्याचा. जीव भांड्यात पडला.

माझे हात लांब आहेत, तुला माहीत आहे. तू म्हणायचीस, माळ्यावरून डबे काढायलाच हा जन्माला आला. हात जरा पुढे गेला. आत कापूस थोडा वेगळा लागला, खरखरीत. मूठ बाहेर काढली तर तिच्यात राखाडी रंगाचे गोळे आणि एक शर्टाचं बटण. चुकून पडलं असेल. दुकानात दहा माणसं येतात जातात, कोणाच्याही बाहीचं तुटून पडेल.

हात धुतले आणि घरी आलो. शिंका बराच वेळ थांबल्या नाहीत, हवा बदलली आहे.

उद्याच्या खुतब्यासाठी विषय शोधतो आहे. अब्बांची गोष्ट उद्या नको, सारखी सारखी सांगितली की गुळगुळीत होते.

तुझा
भोंगा


सोमवार, २४ नोव्हेंबर

आपा,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि चारच वाक्यं. ती मला आता पाठ आहेत. तरी इथे लिहितो, लिहिल्याने माझ्या हाताला कळेल.

"अब्बा कोपरा उघडा ठेवत नसत. ते गादी पूर्ण शिवून समोर ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, कुठे उसवू? बटण चुकून पडत नाही. मला मात्र त्यांनी विचारलं नव्हतं."

ते वाचलं आणि सगळं आठवलं. माळ्यावरून दिसायचं की. गिऱ्हाईक गादीवर कुठेही बोट ठेवायचं, अगदी मधोमध, आणि अब्बा कुरकुर न करता तिथली शिवण उसवायचे. मग पुन्हा शिवायचीस तू. 'उघडा कोपरा' हे मी केलेलं आहे. 'अब्बा विचारायचे, कुठे उसवू' यापेक्षा 'कोपरा उघडा ठेवायचे' हे कानाला गोड लागतं, चित्र पटकन उभं राहतं, टाळीच्या जागी बसतं. एकदा तसं बोललो, लोक हलले, मग तसंच बोलत राहिलो. शेवटी मलाही तेच खरं वाटायला लागलं.

बघ ना, पुलात भोक पाडून नमुना कुठला घ्यायचा ते कंत्राटदार ठरवत नाही, तू ठरवतेस. प्रेषितांनी, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, बाजारात वरून कोऱ्या दिसणाऱ्या धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटं ओली निघाली, ती हकिकत मी किती वेळा सांगितली असेल. हात कुठे घालायचा ते दुकानदाराने दाखवलं नव्हतं, एवढी साधी गोष्ट मला दिसली नाही.

कॉलेज सुटल्यावर दुकानात गेलो. धाकटा गल्ल्यावर बसला होता. मी काही न बोलता वॉर्डच्या गादीवर मधोमध बोट ठेवलं.

"इथे उसव."

"का? कोपरा उघडा आहे ना. घाल हात."

"घातला होता."

तो गल्ल्यावरून उठला. मग कामगारांना चहाला पाठवलं. "भाई, दुकानात हात घालायचा तर सांगून यायचं."

"सांगून आलो असतो तर काय सापडलं असतं?"

"कापूस."

"आणि न सांगता बटण सापडलं. आत काय भरलंयस?"

"कापूसच आहे. एका लॉजने जुन्या गाद्या काढून टाकल्या, त्या आणल्या. पिंजला की नवा होतो. गादी म्हणजे काय दूध आहे का, नासायला?"

"दम्याची मुलं झोपणार आहेत त्यावर."

"खोळ जाड लावली आहे."

"धाकट्या."

"काय धाकट्या? कोपऱ्यात मी एक नंबरचा भरतो. तूच सांगितलंस ना सगळ्या गावाला, कोपरा बघा? लोक कोपरा बघतात. तुझा खुतबा ऐकल्यापासून दुसरीकडे कोणी हातच लावत नाही. मी फक्त तुझं ऐकलं." मग तो हसला आणि म्हणाला, "आणि पिंजण्याचं मला सांगू नकोस. तुझी भाषणं काय नव्या कापसाची असतात? तूही जुन्या पुस्तकांतलंच पिंजून कोऱ्या खोळीत भरतोस."

मी पुष्कळ वाचलेला माणूस आहे, आपा. मी गादीवरचं बोट उचललं आणि निघालो.

बाहेर पडताना त्याने हाक मारली. आवाज उतरला होता. "भाई, अब्बांच्या वेळी घर कसं चाललं आठवतं ना? उसवून उसवून अर्धा दिवस जायचा. मला ते परत नको आहे. मिंबरावरून माझं नाव घेणार आहेस का?"

तो प्रश्न मी घरी घेऊन आलो आहे. भावाचं झाकावं, हे आपल्याला शिकवलेलं आहे. घेणाऱ्याला मालातला दोष सांगावा, हेही शिकवलेलं आहे. दोन्ही मी लोकांना समजावून सांगितलेलं आहे, वेगवेगळ्या शुक्रवारी.

तुझं चौथं वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो. अब्बा गिऱ्हाइकाला विचारत आणि तुला विचारलं नाही. तुझा कान अब्बांचा माल नव्हता. तो दुकानात मांडलेला नव्हता. सांगायचा की नाही, कधी, कोणाला, ते तू ठरवायचं होतंस. आणि तू नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलंस, हे मला अम्मीकडून कळलं. अब्बा खरं बोलले, पण ते तुझं खरं होतं. इतकी वर्षं तू रुसली आहेस असं मी म्हणत आलो. तू रुसली नव्हतीस. तुझं बरोबर होतं.

बटण सापडल्यावर मी आठवडाभराहून जास्त दिवस मूग गिळून बसलो, आणि तुला लिहिलं, चुकून पडलं असेल. आज तेवढं कबूल करणं पुरेसं आहे.

भोंगा


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आपा,

आज खुतबा झाला. तुला सगळ्यात आधी कळवतो.

काल दवाखान्यात गेलो होतो. गाद्या तिथल्या भांडारात पोचल्या आहेत. मी वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, रविवारी सकाळपर्यंत एकही पसरू नका.

"का? कमी पडल्या का?"

"नाही. दुकानदाराला त्यांच्याबद्दल काही सांगायचं आहे."

"मग आज सांगू दे."

"आज त्याच्या तोंडून निघत नाही."

"आणि रविवारी नाही निघालं तर?"

"तर मी सांगेन."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मौलाना, माझी मुलं जुन्या खाटांवर आणखी दोन दिवस काढतील. पण कारण मला कळलं पाहिजे. गोल गोल बोलून नाही." आणि स्वतः उठून भांडाराला कुलूप लावलं.

आज मिंबरावर चढलो तेव्हा धाकटा तिसऱ्या रांगेत बसला होता. मान खाली. मी कागद नेला नव्हता. म्हटलं, बंधूंनो, मी तुम्हाला माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगत आलो. ती मी सुधारून सांगितली होती आणि सुधारताना बिघडवली. माझे वडील कोपरा उघडा ठेवत नव्हते. ते विचारायचे, कुठे उसवू? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उघडा कोपरा आपण निवडतो. आपला चांगला कोपरा आपल्याला पक्का माहीत असतो. आपण रोज तोच पुढे करतो. कपाळावरचा डाग दाखवतो, हातातली जपाची तसबीह दाखवतो, सलामाचा गोड आवाज दाखवतो, आणि मधोमध काय भरलंय तिथे कोणाला बोट ठेवू देत नाही. मी शिक्षक आहे. तासाला उशिरा जातो आणि हजेरी वेळेवर लावतो. तुमच्यात कोणी दारावर आलेल्या माणसाला मुलाकरवी सांगतो, घरात नाहीत म्हणून. कोणी साहेबांसमोर वाकून काम करतो आणि साहेब वळले की हातावर हात ठेवून बसतो. नमाजेत आपण सगळे चांगले दिसतो, कारण तिथे आपण रांगेत असतो. इख्लास म्हणजे मन निखळ असणं. ते नमाज संपवून चपला पायात घातल्यावर सुरू होतं. आज घरी जा आणि ज्याला तुमच्यावर विश्वास ठेवावा लागतो त्याला विचारा, कुठे उसवू? बायकोला विचारा. गिऱ्हाइकाला विचारा. आणि बोट ठेवतील तिथे उसवा.

कोणाचं नाव घेतलं नाही. स्वतःचं घेतलं.

खालून तो बसचालक म्हणाला, अगदी सहज, घरी बोलल्यासारखा, "मौलाना, म्हणजे आमची गादी?"

मी म्हटलं, "तुमची गादी आहे. बोट तुम्ही ठेवायचं."

धाकटा नमाज पूर्ण करून उठला आणि चपला हातात घेऊनच निघून गेला. संध्याकाळी दुकानावरून गेलो तर शटर खाली होतं आणि बाहेर दोघं-तिघं आपापल्या गाद्या खांद्यावर घेऊन उभे होते. कोणी शिव्या देत नव्हतं. ते नुसते उभे होते. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

अम्मीने मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "त्याला वाढू की नको?" म्हटलं, दोघांनाही वाढ. ती म्हणाली, "तो येत नाही. आणि तू आलास तरी जेवत नाहीस. मग मी कोणासाठी केलं?"

आपा, मी बरोबर केलं की नाही, मला नक्की सांगता येत नाही. तुला येईल. तू लहानपणापासून हाताने बघून सांगतेस.

तुझा भाऊ


शनिवार, २९ नोव्हेंबर

धाकट्या,

तू दार उघडत नाहीस, म्हणून हे शटरखालून सरकवतो आहे. पलीकडे तू बसला आहेस. यंत्र बंद असलं की तुझं खोकणं ऐकू येतं. त्या कापसाने तुझीही छाती धरली आहे, हे तुला कोणी सांगितलं का?

तू मला विचारलं होतंस, तुझं नाव घेणार का. घेतलं नाही. ते तुझं आहे. तुझा टाका मी उसवला नाही, माझा उसवला. पण वॉर्ड तुझा नाही आणि माझाही नाही. उद्या सकाळी तू आला नाहीस तर डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगेन, लॉजसकट. ही धमकी नाही. नुसतं लपवून ठेवायचं नाही म्हणून आधी सांगतो आहे.

दुकान चालेल का? माहीत नाही. मी तुला गोड काही सांगणार नाही, ते माझं व्यसन होतं. काही दिवस लोक हसतील. बसचालक तर वर्षभर हसेल, त्याची पाठ आहे. अर्धा दिवस पुन्हा उसवण्या-शिवण्यात जाईल, हेही खरं. तू म्हणालास ते दिवस परत नकोत. मलाही नको होते, म्हणून तर मी माळ्यावर लपायचो. तुला खाली कामाला सोडून मी वर वाचत बसलो आणि मग त्या वाचण्यावर मोठा झालो. आता सुट्टीच्या दिवशी मी दुकानात येत जाईन. मला पिंजता येत नाही, पण कापूस उन्हात पसरायला पदवी लागत नाही. हात लांब आहेत, कामाला येतील.

आज आपाचा निरोप आला. एकच शब्द, "निघाले." सकाळच्या गाडीने उतरून ती थेट दवाखान्यात येते आहे. मी विचारलं, तुला कुठे बसवू, कोणत्या बाजूला? उत्तर आलं, "उजव्या बाजूला उभे राहा दोघंही, मला त्या कानाने ऐकू येतं." इतक्या वर्षांत हे तिला आपल्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. अम्मी म्हणते, तिने जुनं दाभण जपून ठेवलं आहे. ते ती घेऊन येते आहे. शिवण्याची काळजी तू करू नकोस.

उद्या सकाळी कात्री घेऊन वॉर्डात ये. भाषण होणार नाही, मी बोलणार नाही. भांडाराचं कुलूप निघालं की पहिली गादी तू स्वतः उचलून बाईंसमोर ठेव. कोपऱ्याकडे बोट दाखवू नकोस. त्यांच्याकडे बघ आणि विचार, कुठे उसवू?